उकळलेली गंगा

मी एकदा गंगा स्टोव्हवर उकळायला ठेवली आणि विसरून गेले.

एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली. लिहून झाल्यावर पहिलं काय केलं, तर उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद आहे ना ते बघून आले. बंद होता. नेहमीच असतो. तरी आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी आणायला निघाले की मी कोपऱ्यावरून माघारी फिरते, कुलूप काढते, बटण चाचपते, पुन्हा कुलूप लावते. कोपऱ्यावरचा ऑटोवाला हसून विचारतो, "अम्मा, एष्टु सल?" किती वेळा, म्हणून. त्याला काय सांगू, की बाबा रे, माझ्या हातून एक नदी आटलेली आहे.

विषय निघाला तो नातीमुळे. ती इथेच बंगळुरूत, कोरमंगलाला मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी जेवायला येते आणि ताट वाढेपर्यंत माझ्या घराची झडती घेते. परवा देवघरापाशी उभी राहून म्हणाली, "आजी, हे काय क्यूट आहे गं! ह्यात मनी प्लांट लावू?"

वळून बघते तर हातात गडू. मी अशी किंचाळले की तो तिच्या हातून पडायचाच.

"ठेव! आधी खाली ठेव!"

"रिलॅक्स, आजी! रिकामाच तर आहे."

रिकामा आहे हे मला कुणी सांगायला नको. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता गडू परत देवघरात ठेवून आले.

तर, ती तेव्हाची मी. वय तेवीस, लग्नाला दीड वर्ष, बी.एस्सी. दुसऱ्या वर्गात पास, आणि तोरा असा की जंतूंचा शोध जणू मीच लावला. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मल्लेश्वरममध्ये दोन खोल्यांचं भाड्याचं घर. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली होती. दोन घरांतली माणसं हळदीने माखल्यासारखी पिवळी पडली होती. पाणी उकळून प्या, असं कुणीतरी सांगून गेलं आणि मला आयुष्याचं ध्येय सापडलं. मी पिण्याचं पाणी उकळलं, भाजी धुवायचं उकळलं, देवाच्या आंघोळीचं उकळलं. नवरा म्हणाला, "देवांना भाजतेस की काय?" मी त्याला जंतूंवर भाषण दिलं. आता ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

अशा घरात आजीची ट्रंक आली.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून आजी-आजोबांनीच मला वाढवलं, सीमेवरच्या एका गावात, जिथे दुकानात कन्नड आणि घरात मराठी. मी अकरा वर्षांची असताना आजोबा गेले. माझं लग्न झालं आणि आजी एकटी उरली. विहिरीचा दोर आता तिच्या हातांना ओढवेना, म्हणून आम्ही तिला बंगळुरूला आणायचं ठरवलं. ती आधी "परक्या मुलखात मरायला येऊ काय मी?" म्हणून हटून बसली. मग एक दिवस आपणच म्हणाली, "येते. गडू आहे की माझा. तोंडात आपली गंगा पडली की मुलूख कुठला का असंना." संक्रांतीपर्यंत ती बहिणीकडे राहणार होती, सामान आम्ही पुढे आणलं. बसमध्ये चढताना तिने गडू माझ्या हातात दिला. "हा ट्रंकेत नको. मांडीवर घे. सांभाळ गे पोरी."

मी सांभाळला. बंगळुरूपर्यंत.

ट्रंकेतून निघाला आजोबांचा फिरकीचा तांब्या. त्याच्या झाकणाचे आटे असे घट्ट, की तो उघडायला आजोबाच लागायचे. प्रवासात आजीला तहान लागली की आधी आजोबांना झोपेतून उठवावं लागे, आणि ते डोळेही न उघडता झाकण फिरवून तांब्या पुढे करत. चिंचेने घासताना माझ्या हातून तो पहिल्याच फेऱ्यात उघडला. आटे झिजले होते. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं आणि मी तो पुन्हा घट्ट लावायचा प्रयत्न करत बसले. लागेना.

मग निघाला अडकित्ता. त्याच्या एका दांडीवर आजोबांच्या अंगठ्याने खळगा पाडला होता. सुपारी ते अशी कातरत की पापुद्रा फुंकरीने उडावा. पण सुपारीवर त्यांचं भागत नसे. सुतळी, उसाचं पेर, औषधाच्या बाटलीचं बूच, सगळ्यांवर अडकित्ता. आजी ओरडायची, "सुपारीचा आहे तो, न्हाव्याचा नव्हे!" कारण एकदा त्यांनी त्याने माझ्या पायाचं नख कापलं होतं. मी त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. दोन अंगठे मावले असते.

आणि गडू. तांब्याचा, मुठीएवढा, तोंड कथलाने झाळून बंद केलेला. माझ्या जन्माच्या आधी आजी-आजोबा काशीला गेले होते, तिथून असे दोन आणले. एक त्यांचा, एक तिचा. परतीच्या गाडीत ते दोघे गडू मांडीवर घेऊन बसले होते, "दोन तान्ही पोरं घेऊन बसल्यागत," असं आजी सांगायची. आजोबांचा गडू उघडला तेव्हा मी तिथे होते. सकाळची वेळ होती. त्यांचा श्वास करवतीसारखा चालला होता. आजीने त्यांचाच अडकित्ता घेऊन झाळ कापली, देवाच्या पळीत पाणी ओतलं आणि त्यांच्या ओठांना लावलं. कंठ एकदा हलला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. गाडीत झाकण फिरवून तांब्या पुढे करताना असायचा, तसा चेहरा झाला. आजी रडली नाही. पळी पुसत म्हणाली, "त्यांचं झालं. माझा एक राहिला."

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे न कळता केलं, अज्ञानातून झालं, असं म्हणायची सोयही मला नाही.

घासता घासता मी गडू कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं. आणि बी.एस्सी. दुसरा वर्ग जागा झाला. पंचवीस वर्षांचं पाणी! नदीतून उचललेलं, न गाळलेलं, न उकळलेलं! हे आजीच्या तोंडात घालणार? मी नवऱ्याच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर आणला, झाळ उचकटली, आणि गंगा पातेल्यात ओतली. दीड वाटी भरली असेल. स्टोव्हची वात मोठी केली. पाच मिनिटं उकळायची, गार करायची, परत भरायची, निर्जंतुक गंगा. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते.

तेवढ्यात शेजारच्या अक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली, "स्वल्प बा इल्ली!" जरा ये इकडे. अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याचे, दिवस होते. बंगळुरूत त्या दिवसांत कुणी कुणाला जरा ये म्हटलं तर जाऊ नये. अक्कांच्या ओसरीवर भिजवलेल्या दाण्यांचं घमेलं. एकेक दाणा चिमटीत दाबायचा, सालीतून तो टुणकन उडतो. मी एक दाबला, दहा दाबले. अक्का त्यांच्या जावेची गोष्ट सांगत होत्या. जाऊ फार वाईट होती. गोष्ट फार चांगली होती.

वास आधी अक्कांना आला. "तुझ्याकडे काय करपतंय?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "नुसतं पाणी ठेवलंय."

पाणी करपत नाही. पातेलं करपतं. मी पोचले तेव्हा ते आतून काळंनिळं झालं होतं, आणि तळाशी चिमूटभर मातकट, पांढुरकी खपली. काशीहून मांडीवर बसून आलेली गंगा मी पाऊण तासात हवेत सोडली होती. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खरंच पाहिलं, जणू ती अजून फार लांब गेली नसेल.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पाण्याला कुठे कळतंय ते कुठल्या नदीचं आहे?"

"पाण्याला नाही कळत. आजीला कळतं."

"मग सांग तिला."

"तुम्ही सांगा."

तो बूट काढायला गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

मी काय केलं ते सांगते. चमच्याने खपली खरवडून गडूत टाकली. गंगेतलं जे उडून जात नाही ते तरी आत आहे, ही माझी रसायनशास्त्रातली समजूत. वर नळाचं पाणी भरलं, बंगळुरूच्या नळाला येतं ते कावेरीचं. हो, उकळून. मग गडू पिशवीत घालून बसने चिकपेटच्या जुन्या बाजारात गेले आणि भांड्यांना डाग देणारा म्हातारा शोधून काढला. एका गल्लीच्या तोंडाशी शेगडी घेऊन बसला होता. त्याने विचारलं, आत काय आहे? मला खोटं बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघालं, "गंगा."

त्याने चपला काढल्या. शेगडीशेजारी उभा राहिला, गडू दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि म्हणाला, "झाळायच्या आधी एक थेंब द्याल, अम्मा? घरी आई आहे. अंथरुणावर आहे."

नाही म्हणावं तर कारण काय सांगू? त्याने औषधाची रिकामी बाटली धुऊन पुढे धरली. मी गडू वाकडा केला. थेंब पडले. त्याने बूच लावून बाटली खिशात ठेवली आणि मग इतकी सुबक झाळ दिली, की तशी काशीतसुद्धा नसेल. परतीच्या बसमध्ये मी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं नाही. एक आजी कमी पडली म्हणून मी अजून एका म्हातारीला फसवून आले होते.

संक्रांतीला आजी आली. आल्या आल्या देवघरात गेली. मी नवीन झाळेवर तेल आणि काजळी चोळून ती म्हातारी करून ठेवली होती. आजीने गडू उचलला, कानाशी हलवला, ऐकला.

"घासलास होय?"

"हो."

"बरं केलंस." आणि ठेवून दिला.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. आजी खोकली की माझ्या हातातलं लाटणं थांबे. दुपारी ती जरा जास्त झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघे. एकदा तिने झोपेतच ते बोट झटकलं आणि म्हणाली, "जिवंत आहे अजून. पोळ्या कर जा." मी तिला च्यवनप्राश दिला, खारका दिल्या, दुधात हळद दिली, स्वेटरवर स्वेटर चढवले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आजीवर किती माया! माया होतीच. पण त्या मायेला भीतीची फोडणी होती: ही बाई मरता कामा नये, कारण मेली तर मला तो गडू उघडावा लागेल.

आणि अक्का. करपल्याचं त्यांना ठाऊक होतं. माझा हिशेब असा होता की त्यांना आणि आजीला एकमेकींची भाषा यायची नाही. मूर्खपणाला काही सीमा? जन्मभर सीमेवर राहिलेली आजी बाजारातलं अस्सल कन्नड बोलायची. माझं तिच्यापुढे पुस्तकी. दुसऱ्याच दिवशी दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मधे घुसले. अक्का हसत सांगत होत्या, "तुमची नात? पाणी करपवते!" आजीने माझ्याकडे वळून पाहिलं. मी पिळून झालेली चादर पुन्हा पिळली. तेवढ्यात अक्कांची जाऊ आली आणि विषय बदलला. वाईट बाई, पण त्या दिवशी मला देवासारखी भेटली.

कितीदा मनात आलं की सांगून टाकावं. सकाळी ठरवायची, दुपारी सांगू. दुपारी आजी गडूवर फूल वाहायची आणि म्हणायची, "हा आहे म्हणून बरं गे. नाहीतर तुमच्या ह्या गावात मला झोप लागली नसती." मग मी ठरवायची, उद्या.

उन्हाळा तापायला लागला आणि आजीला ताप आला. आधी साधा, मग छातीत कफ. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले. दारात मला हळूच म्हणाले, वय झालंय, दोन दिवस जपा. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर, घरात आम्ही दोघी. मी तिच्या कपाळावर पट्टी बदलत होते. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तो आवाज मला ओळखीचा होता. करवतीचा.

तिने डोळे उघडले. "गडू काढ."

"आजी, ताप उतरतोय. डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला काय कळतंय? बघालीस काय नुसती? काढ."

मी गडू आणला. अडकित्ता आणला. आजोबांच्या अंगठ्याच्या खळग्यात माझा अंगठा ठेवला आणि दाबलं. म्हाताऱ्याची झाळ भलतीच मजबूत. तीनदा अडकित्ता निसटला. आजी बघत होती. शेवटी कथिल तुटलं. मी पळीत पाणी ओतलं. थोडं गढूळ होतं, खपली. अर्धं तिच्या पदरावर सांडलं. उरलेलं मी तिच्या ओठांपाशी नेलं. तिने तोंड उघडलं, लहान मुलासारखं, पूर्ण विश्वासाने.

त्या क्षणी मला काय काय सुचलं म्हणून सांगू! गप्प बस, असं सुचलं. तिला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही, तिच्या आठ्या जातील, तू तुझं पुढे बघ. हे सगळं बरोबर होतं. अजूनही मला वाटतं की बरोबर असेल. पण तिने तोंड उघडलं होतं, आणि मला ते पाणी त्यात घालता येईना.

"आजी, ही गंगा नाही."

तोंड मिटलं. डोळे माझ्यावर.

"नळाचं आहे. गंगा मी उकळली."

"उकळली?"

"आणि आटली."

तिने पळीकडे पाहिलं. मग, "का?"

"कावीळ होऊ नये म्हणून."

"कुणाला?"

"तुला."

"मी मरताना?" तिने श्वास घेतला. "मरताना मला कावीळ होऊ नये म्हणून?"

मी मान हलवली. वर, प्रामाणिकपणाचा झटका आलाच होता म्हणून, सांगून टाकलं, "पण तळाची माती घातली आहे आत. ती गंगेचीच आहे."

"म्हणजे कावेरीत माती कालवून मला पाजणार होतीस."

आजीने भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती. रडते आहे, हसते आहे की श्वास लागला आहे, मला कळेना. मी पळी धरून तशीच बसले. तिने त्या क्षणी जायचं ठरवलं असतं, तर मी तिला काहीही न देता पाठवलं असतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले, आणि ती थांबली की माझाही श्वास थांबायचा.

मग ती वळली. चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि आठ्या होत्या तिथेच होत्या. पुढे ती जितकी वर्षं जगली तितकी वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यादेखत जे ऐकवत राहिली, ते वाक्य ती तेव्हा बोलली:

"ही तुमची कावेरी, तिची नि माझी अजून धड ओळखसुद्धा नाही. अनोळखी बाईच्या हातचं शेवटचं पाणी मी पिणार नाही. ओळख होईस्तोवर थांबते. ऊठ, चहा टाक."